शस्त्रक्रिया चालू असताना डोळ्यावरून मेंदूचा दाब: ओएनएसडी मोजण्याची क्रमवार पद्धत

कवटीला भोक न पाडता मेंदूचा दाब वाढतोय का, हे ऑपरेशन टेबलावरच ओळखण्याची सगळ्यात हाताशी असलेली पद्धत म्हणजे डोळ्यामागच्या नसेच्या आवरणाची रुंदी सोनोग्राफीने मोजणे, म्हणजेच ओएनएसडी (ऑप्टिक नर्व्ह शीथ डायमीटर). बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत न्यूरोसर्जन आणि दाब मोजणारी नळी दोन्ही मिळतात. निपाणी, चिकोडी, खानापूर, गोकाक, अथणी इथल्या नर्सिंग होममध्ये लिनिअर प्रोबची सोनोग्राफी असते, पण कवटीत घालायची नळी नसते. म्हणून ही पद्धत तिथेच जास्त वापरली जाते आणि चुकतेही तिथेच. चूक बहुतेक वेळा हाताची नसून क्रमाची असते. पहिले माप घेतलेलेच नसते, आणि तासाभराने आलेल्या ५.४ मिमी या आकड्याचे काय करायचे हे कोणालाच सांगता येत नाही.

हा लेख भूलतज्ज्ञ, भूलशास्त्राचे निवासी डॉक्टर आणि त्यांना मदत करणारे ओटी टेक्निशियन यांच्यासाठी आहे.

मोजतो ते काय, एवढे आधी पक्के असू द्या. मेंदूभोवतीचे ड्युरा हे आवरण ऑप्टिक नर्व्हवर डोळ्याच्या गोळ्यापर्यंत येते आणि त्याच्या आत मेंदूभोवतीचेच पाणी असते. कवटीत दाब वाढला की ते पाणी इकडे सरकते आणि आवरण फुगते. सगळ्यात जास्त फुगते ते गोळ्यामागे ३ मिमीवर, म्हणून माप तिथले घ्यायचे. यातून दाब किती मिमी पारा आहे ते कळत नाही. तो वाढला की उतरला एवढेच कळते, आणि तेही पहिले माप असेल तरच.

## टप्पा १: कोणासाठी करायचे, कोणासाठी नाही

उपयोग सगळ्यात जास्त होतो तो मेंदूचे ऑपरेशन नसलेल्या रुग्णांत. हायवेवर दुचाकीवरून पडलेला, मांडीचे हाड मोडलेला आणि सीटी स्कॅनमध्ये मेंदूला छोटासा मार दिसणारा रुग्ण घ्या. न्यूरोसर्जन 'लक्ष ठेवा' म्हणतात, ऑर्थोपेडिक सर्जन रॉड टाकायला घेतात. दोन तास पूर्ण भूल असते आणि तेवढा वेळ त्याच्या शुद्धीवरून काहीच कळत नाही. दुसरा गट व्हीपी शंट (मेंदूतले जादा पाणी पोटात सोडणारी नळी) असलेल्या रुग्णांचा, ज्यांची दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया होणार आहे. तिसरा गट डोके खाली करून चालणाऱ्या लांबलचक दुर्बीण शस्त्रक्रियांचा. एक्लॅम्पसियाच्या (गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येणे) रुग्णाचे भूल देऊन सिझेरियन होत असेल तर तिथेही याची मदत होते.

पुढील रुग्णांत प्रोब लावू नका:
- डोळ्याचा गोळा फुटल्याची शंका आहे. चेहऱ्याला मार लागून पापण्या सुजून बंद झालेल्या रुग्णात ही शंका आधी दूर झाली पाहिजे, डोळ्याच्या डॉक्टरांना फोन करावा लागला तरी चालेल.
- डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे.

कृत्रिम डोळा असेल तर त्या बाजूचे माप नाहीच. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये सिलिकॉन ऑइल भरलेले असेल तर प्रतिमा विकृत येते. थायरॉइडमुळे डोळे पुढे आलेले असतील किंवा ऑप्टिक न्युरायटिस असेल तर आवरण मुळातच जाड असते. मोतीबिंदूचे जुने ऑपरेशन अडचणीचे नाही. नातेवाईक 'डोळ्याचं काही नाही हो' असे सरळ सांगून टाकतात, म्हणून मोतीबिंदू, पडदा, काचबिंदू असे एकेक नाव घेऊन विचारा. घरचे कन्नड बोलणारे असतील तर हे प्रश्न कन्नड येणाऱ्या सिस्टरकडून विचारून घ्या.

> सावध: डोक्याला गंभीर मार आहे, शुद्ध हरपलेली आहे आणि न्यूरोसर्जन उपलब्ध आहेत, तर तिथे कवटीतून थेट दाब मोजणेच योग्य. ओएनएसडी त्याची जागा घेत नाही.

## टप्पा २: आदल्या दिवशीची तयारी

मशीनची नोंदणी. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सीमाभागात याच गोष्टीवरून सगळ्यात जास्त अडते. सोनोग्राफी मशीन कोणत्याही कामासाठी वापरा, पीसीपीएनडीटी कायद्याखाली (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) त्याची नोंदणी लागतेच. पोर्टेबल मशीन ज्या आवारासाठी नोंदवलेले आहे तिथेच वापरायचे असते. गडहिंग्लज किंवा कोल्हापूरचे मशीन गाडीत टाकून निपाणीच्या ओटीत आणता येत नाही, भूलतज्ज्ञ तेच असले तरी. वापरणाऱ्या डॉक्टरचे नाव त्या रुग्णालयाच्या नोंदणीत आहे का, हेही आधी पाहून घ्या.

प्रोब. लिनिअर, ७.५ ते १३ मेगाहर्ट्झ. शिरा शोधायला किंवा नर्व्ह ब्लॉकला वापरता तोच चालतो. कर्व्हिलिनिअर चालत नाही.

सेटिंग. 'ऑफ्थाल्मिक' प्रीसेट असेल तर तोच घ्या. नसेल तर 'स्मॉल पार्ट्स' किंवा 'नर्व्ह' घेऊन पॉवर कमी करा. स्क्रीनच्या कडेला एमआय (मेकॅनिकल इंडेक्स) आणि टीआय (थर्मल इंडेक्स) असे लहरींच्या ऊर्जेचे दोन आकडे दिसतात. एमआय ०.२३ पेक्षा जास्त नको, टीआय १ पेक्षा जास्त नको. नर्व्ह ब्लॉकच्या प्रीसेटवर एमआय सहज १ च्या आसपास असतो आणि तिकडे कोणी पाहत नाही. कलर आणि पल्स डॉपलर बंद ठेवा, या मापाला त्यांची गरज नाही आणि डोळ्यात ऊर्जा मात्र जास्त जाते. डेप्थ ४ सेमी, फोकस ३ सेमीच्या आसपास.

टेबलावर ठेवायचे साहित्य. निर्जंतुक जेलच्या एकदाच वापरायच्या पुड्या, पारदर्शक चिकट फिल्म, सलाईनमध्ये भिजवलेला गॉज, डोळ्याचे मलम, कागदी टेप आणि कोरा नोंदतक्ता.

> सावध: प्रोब क्लोरहेक्सिडीन किंवा स्पिरिटने पुसून ओलाच डोळ्यावर नेऊ नका. क्लोरहेक्सिडीनने बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. पुसा, पूर्ण वाळू द्या, मग निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुसा.

संमतिपत्रात एक ओळ वाढवा आणि ती नातेवाइकांना कळेल त्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, वाचून दाखवा: 'ऑपरेशनच्या वेळी पापणीवरून सोनोग्राफी करून मेंदूवरचा दाब पाहिला जाईल, सुई किंवा छेद नाही.' शेवटचे चार शब्द सांगितले नाहीत तर डोळ्याचेच काहीतरी ऑपरेशन आहे असा समज होतो.

## टप्पा ३: पहिले माप, म्हणजे पाया

हे माप भूल देऊन श्वासनलिकेत नळी घातल्यावर, रुग्ण सपाट उताणा असताना आणि पोटात गॅस भरायच्या आधी घ्यायचे. नळी घातल्या घातल्या मात्र नाही. लॅरिन्गोस्कोपीने दाब थोडा वेळ वर जातो, म्हणून निदान ५ मिनिटे थांबा.

प्रोब हातात घेण्याआधी या पाच गोष्टी जागेवर आहेत का पाहा:

1. मान सरळ, हनुवटी मध्यरेषेत.
2. नळी टेपने बसवलेली. मानेभोवती गच्च आवळलेली नाडी नको, तिने गळ्याच्या शिरा दाबल्या जातात आणि दाब आपणच वाढवून ठेवतो.
3. एंड टायडल सीओटू (श्वास सोडताना शेवटी मोजलेला कार्बन डायऑक्साइड, मिमी पाऱ्यात) ३५ ते ४० आणि गेली काही मिनिटे स्थिर.
4. सरासरी रक्तदाब लिहून घेतलेला. आर्टिरियल लाइन (धमनीतून रक्तदाब मोजणारी नळी) असेल तर ट्रान्सड्यूसर कानाच्या पातळीला. हृदयाच्या पातळीला ठेवला तर डोके वर केल्यावर दर १० सेमी उंचीमागे मेंदूकडचा रक्तदाब सुमारे ७.५ मिमी पाऱ्याने कमी असतो, आणि मॉनिटरवर ते दिसत नाही.
5. पीप (श्वास सोडल्यावर फुप्फुसात ठेवलेला दाब) किती, भुलीचे औषध कोणते आणि किती टक्के, याची नोंद.

सीओटूचे एवढे का, तर सीओटू वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात. साधारण दर १ मिमी पाऱ्यामागे मेंदूचा रक्तप्रवाह ३-४ टक्क्यांनी वाढतो. पहिले माप ३० वर घेतले आणि दुसरे ४६ वर, तर ती तुलना मेंदूची नसून व्हेंटिलेटरच्या सेटिंगची असते.

## टप्पा ४: प्रोब लावणे आणि माप घेणे

डोक्याच्या बाजूला उभे राहा. पापण्या बंद करा, वर पारदर्शक फिल्म लावा, फिल्मखाली हवा राहू देऊ नका. फिल्मवर जेलचा चांगला उंच ढीग घाला. जेल वाचवण्याची ही जागा नाही.

प्रोब पेनासारखा धरा. करंगळी आणि अनामिका रुग्णाच्या भुवईच्या हाडावर टेकवा, म्हणजे हाताचा भार हाडावर जातो, गोळ्यावर नाही. प्रोब वरच्या पापणीवर, मध्यापासून किंचित कानाकडे ठेवा आणि रोख किंचित नाकाकडे आणि पायांकडे वळवा. असा रोख ठेवला की डोळ्याचे भिंग वाटेत येत नाही.

> तपासा: स्क्रीनवर प्रोब आणि पापणी यांच्यामध्ये जेलचा काळा पट्टा दिसतोय का? दिसत नसेल तर तुम्ही दाबताय. गोळा दाबला की हृदयाची गती एकदम उतरू शकते. उतरलीच तर आधी प्रोब उचला, बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. ॲट्रोपिन भरलेले असू द्या.

स्क्रीनवर वर काळा गोल दिसतो, तो डोळ्याचा गोळा. त्याच्या तळाशी मागची पांढरी भिंत. त्या भिंतीतून खाली उतरणारा गडद पट्टा म्हणजे नर्व्ह. त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी उजळ किनार आणि तिच्याबाहेर ड्युराची रेघ असते. गेन (प्रतिमेचा उजळपणा) हळूहळू कमी करत न्या. जास्त गेनवर सगळे करडे होऊन किनारी पुसल्या जातात.

इथे नवख्यांची ठरलेली फसगत होते. भिंगाच्या कडेची किंवा नर्व्हच्या तोंडाची सावली तशीच गडद पट्टीसारखी खाली पडते आणि तिलाच नर्व्ह समजून मोजले जाते. ओळखायचे असे: प्रोब किंचित तिरका केला की सावली प्रोबबरोबर सरकते आणि तिच्या कडा सरळ, सुरीने कापल्यासारख्या असतात. खऱ्या नर्व्हला दोन्ही बाजूंना किनार असते, तिची वाट किंचित वळते आणि ती गोळ्याच्या भिंतीशी जिथे जुळते ती जागा हलत नाही.

प्रतिमा गोठवा, मग:

1. पहिली रेघ नर्व्ह भिंतीला मिळते तिथून नर्व्हच्या दिशेने ३ मिमी खाली. स्क्रीनवर उभी सरळ नाही. नर्व्ह तिरकी असेल तर रेघही तिरकीच.
2. दुसरी रेघ त्या बिंदूवर, पहिल्या रेघेला काटकोनात, ड्युराच्या एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत. ती कलती पडली की माप मोठे येते, कधीही लहान येत नाही.
3. ड्युराची आतली कड धरायची की बाहेरची, हे आपल्या ओटीत एकदाच ठरवा आणि तक्त्याच्या वर लिहून ठेवा. एकाने आतून आणि दुसऱ्याने बाहेरून मोजले की रुग्णाला काही न होता माप वाढते.
4. आडव्या छेदात एक आणि प्रोब ९० अंशांत फिरवून उभ्या छेदात एक, अशी प्रत्येक डोळ्याची दोन मापे. आधी उजवा, मग डावा. प्रत्येक डोळ्याची सरासरी काढा, मग दोन्हींची.

भुलीखाली डोळे कधी वर फिरलेले, कधी बाहेर वळलेले असतात. नर्व्ह सापडत नसेल तर डोळा दाबून सरळ करायला जाऊ नका, प्रोबचा कोन बदला. डोक्याच्या बाजूने उभे असल्यावर डावे-उजवे उलटे होते, म्हणून प्रतिमेवर 'उजवा' किंवा 'डावा' तेव्हाच टाइप करा. नंतर आठवून टाकलेले चुकतात. एका डोळ्याला अर्धा मिनिट पुरे. मिनिटाच्या वर जात असेल तर उचला आणि थोड्या वेळाने परत या.

## टप्पा ५: पुन्हा केव्हा मोजायचे

- दुर्बिणीची शस्त्रक्रिया: पोटात गॅस भरल्यावर ५ ते १० मिनिटांनी, डोके खाली केल्यावर १० मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासाने, गॅस काढून टेबल सपाट केल्यावर आणि नळी काढायच्या आधी.
- हाडाची शस्त्रक्रिया: दर अर्ध्या तासाने, शिवाय रॉड ठोकून झाल्यावर आणि मोठा रक्तस्राव किंवा रक्तदाबात मोठा चढउतार झाल्यावर.
- पालथे झोपवून होणारी शस्त्रक्रिया: मध्ये मोजता येत नाही. पालथे करण्याआधी आणि परत उताणे केल्यावर, एवढेच. मधल्या वेळेसाठी या पद्धतीवर विसंबू नका.
- रोबोटिक शस्त्रक्रिया: रोबोटचे हात जोडले की चेहऱ्यापर्यंत पोहोचणे अवघड होते. आधी कोरडी रंगीत तालीम करून प्रोबची केबल पुरते का, हे पाहून घ्या.

प्रत्येक वेळी डोळ्याच्या मापासोबत एंड टायडल सीओटू, सरासरी रक्तदाब, पोटातल्या गॅसचा दाब आणि टेबलाचा कोन त्याच ओळीत लिहा. ज्या ओळीत फक्त मिलिमीटर आहेत ती ओळ पुढे कोणाच्या कामाची नाही. शक्य तेवढे सगळे माप एकाच माणसाने घ्यावे. दोन मोजणाऱ्यांत ०.२ ते ०.३ मिमी फरक सहज पडतो.

## टप्पा ६: आकड्याचा अर्थ

प्रौढांसाठी वेगवेगळ्या अभ्यासांतली सीमारेषा ४.८ पासून ६ मिमीपर्यंत आहे. तेव्हा '५ च्या वर म्हणजे दाब वाढला' हे पाठ केलेले वाक्य टेबलावर फारसे उपयोगी पडत नाही. कोणाचे मूळचेच ५.२ असते. आमचा सल्ला असा:

- पहिल्या मापापेक्षा ०.२ मिमीपर्यंत फरक: मोजणीतला फरक धरा, पुढच्या वेळेला पाहा.
- ०.३ ते ०.४ मिमी वाढ: लगेच दुसऱ्यांदा मोजा. तेवढीच आली तर टप्पा ७ सुरू करा.
- ०.५ मिमी किंवा जास्त वाढ, अथवा माप ५.८ च्या पुढे: खरे धरा आणि सर्जनला सांगा.

लहान मुलांना हे आकडे लावू नका. एक वर्षाच्या आत ४ मिमी आणि त्यापुढच्या मुलांत ४.५ मिमी ही वरची मर्यादा धरली जाते.

समजा, मांडीच्या हाडाच्या त्या रुग्णाचे पहिले माप ४.९ आहे, सीओटू ३६, सरासरी रक्तदाब ८२. तासाभराने माप ५.४, सीओटू ४६, रक्तदाब ८५. इथे मॅनिटॉलच्या बाटलीकडे हात जायला नको. व्हेंटिलेशन वाढवून सीओटू ३६-३७ वर आणा आणि १० मिनिटांनी मोजा. माप ५.० वर आले तर कारण सीओटू होते. सीओटू ३७ असूनही ५.४ च राहिले तर मेंदूकडे बघायची वेळ आली.

उलटेही लक्षात असू द्या. फार वेळ ताणलेले आवरण दाब उतरल्यावर लगेच मूळ मापावर येतेच असे नाही. शेवटी ५.२ दिसले म्हणून घाबरून जाऊ नका. डोळ्यांच्या बाहुल्या आणि बाकीची लक्षणे सोबत पाहा.

## टप्पा ७: वाढले तर काय, आणि कोणत्या क्रमाने

साध्या गोष्टी आधी. यातल्या निम्म्या मिनिटभरात होतात आणि औषध लागत नाही.

1. मान सरळ करा, नळीची नाडी आणि कॉलर सैल आहेत ना पाहा.
2. डोके १५ ते ३० अंश वर. डोके खाली असलेली दुर्बीण शस्त्रक्रिया असेल तर सर्जनला सांगून टेबल सपाट करा. रक्तदाब पुन्हा पाहा.
3. सीओटू ३५ च्या आसपास आणा. मेंदू खाली सरकल्याची लक्षणे असतील तरच थोड्या वेळासाठी ३० ते ३५. शक्य असेल तर रक्ताचा एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) करा, कारण लांबलेल्या दुर्बीण शस्त्रक्रियेत रक्तातला सीओटू मॉनिटरवरच्या आकड्यापेक्षा बराच जास्त असू शकतो.
4. पोटातल्या गॅसचा दाब १५ वरून १० ते १२ वर आणता येतो का, ते सर्जनला विचारा.
5. पीप गरजेपेक्षा जास्त नको. भूल उथळ आहे का पाहा. भुलीच्या गॅसची मात्रा जास्त असेल तर कमी करून प्रोपोफोलवर जा.
6. सरासरी रक्तदाब सांभाळा. डोक्याला मार असलेल्या प्रौढात सिस्टॉलिक ११० च्या खाली जाऊ देऊ नका.

हे सगळे करूनही माप उतरत नाही आणि मेंदूला मार आहे हे आधीपासून ठाऊक आहे, किंवा एक बाहुली मोठी झाली, नाडी मंदावून रक्तदाब चढला, तर औषध आणि न्यूरोसर्जनला फोन दोन्ही एकाच वेळी.

मॅनिटॉल २० टक्के, किलोमागे ०.२५ ते १ ग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला ०.५ ग्रॅमच्या हिशेबाने ३० ग्रॅम, म्हणजे १५० मिलि, १५ ते २० मिनिटांत. लघवीची नळी असलीच पाहिजे. रक्तस्रावाने रक्तदाब पडलेला असेल तर मॅनिटॉलऐवजी ३ टक्के सलाईन बरे, प्रौढाला २५० मिलि.

> तपासा: बेळगाव-खानापूरकडे डिसेंबर-जानेवारीत ओटीच्या कपाटातल्या मॅनिटॉलमध्ये खडे धरतात. बाटली उजेडासमोर धरून पाहा. खडे असतील तर कोमट पाण्यात ठेवून पूर्ण विरघळवा, अंगाच्या तापमानाला येऊ द्या आणि फिल्टरच्या सेटनेच चढवा.

## ट्रान्सक्रेनिअल डॉपलर जोडीला घ्यायचा का

कवटीच्या आतल्या धमनीतला रक्ताचा वेग मोजणारी ही सोनोग्राफी. मशीनला २ मेगाहर्ट्झचा फेज्ड अरे प्रोब असेल तर घ्या. कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या कमानीच्या वर प्रोब ठेवला की ४५ ते ६० मिमी खोलीवर मेंदूची मधली धमनी सापडते. पल्सॅटिलिटी इंडेक्स म्हणजे सिस्टॉलिक वेगातून डायस्टॉलिक वेग वजा करून सरासरी वेगाने भागणे. १.२ च्या वर आणि चढता असेल तर शंका घ्या. डायस्टॉलिक वेग सेकंदाला २० सेमीच्या खाली गेला तर ते जास्त गंभीर. पण काही रुग्णांत, विशेषतः वयस्क बायकांत, हाडातून लहरी जातच नाहीत. शिवाय सीओटू उतरला किंवा रक्तदाब पडला तरी हा इंडेक्स वाढतो. इंडेक्सवरून दाबाचा आकडा काढणारी सूत्रे आहेत, त्यांच्या भरवशावर उपचार ठरवू नका. आणि डॉपलरचा प्रीसेट लावलेला असताना चुकून तोच डोळ्यावर नेऊ नका, त्याची ऊर्जा डोळ्यासाठी फार जास्त असते.

## टप्पा ८: नोंद आणि पुढे पाठवणे

शेवटचे माप झाल्यावर फिल्म आतून बाहेरच्या दिशेला हलकेच काढा, ओढून नाही. पापण्या सलाईनच्या गॉजने पुसा. जेल पापणीच्या आत गेले असेल तर सलाईनने धुवा, नंतर मलम घालून डोळे बंद ठेवा. रिकव्हरीत डोळा लाल दिसला किंवा रुग्ण खुपतंय म्हणाला तर बुबुळावर ओरखडा गेल्याची शंका घ्या.

रुग्ण पुढे पाठवायचा असेल तर कुठे, हे ऑपरेशन सुरू होण्याआधीच ठरलेले असावे. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे, खानापूरहून बेळगावच. न्यूरोसर्जन आणि सीटी चालू आहे का, हे फोनवर विचारूनच गाडी हलवा. सोबतच्या कागदावर पहिले माप, सगळ्यात मोठे माप, शेवटचे माप, त्या त्या वेळचा सीओटू आणि रक्तदाब, ड्युराची कोणती कड धरली, दिलेले औषध आणि वेळ, बाहुल्यांचा आकार हे सगळे हवे. व्हॉट्सॲपवर प्रतिमा पाठवताना वरच्या पट्टीतले रुग्णाचे नाव आणि नंबर कापा, पण उजवा-डावा आणि मापाच्या रेघा तशाच राहू द्या. गोठवलेली, रेघा न मारलेली प्रतही एक पाठवा, म्हणजे पलीकडच्या डॉक्टरला स्वतः मोजून बघता येते.